खुशालरावांच्या टालावरची साखळी

अमरावती,
सोमवार, १ ऑगस्ट १९६६

सौ. दुर्गास,

काल संध्याकाळच्या गाडीने मी सुखरूप पोचलो. तू विचारणार नाहीस, म्हणून आधीच लिहितो. छत्री तुमच्या पडवीत खुंटीला राहिली आहे. ती मागण्यासाठी हे पत्र नाही.

कार्ड न घालता मुद्दाम अंतर्देशीय घातले आहे. कार्ड आले की तुझा भाऊ ते पोस्टमनच्या हातातून घेतो आणि लाकडाच्या टालावर सगळ्यांना वाचून दाखवतो, हे मला माहीत आहे. त्याने हेही फोडले असेल तर : सूर्यभान, पुढचा मजकूर तुझ्या बहिणीसाठी आहे. तिला नेऊन दे.

काल जे झाले ते मी एकदा नीट मांडतो. तुमच्या घरी ते आतापर्यंत निरनिराळ्या तऱ्हांनी सांगून झाले असेल. धोंड्याचा महिना म्हणून मामाजींनी जावयाला जेवायला बोलावले. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते. जेवण झाल्यावर अनारशांचे ताट माझ्यापुढे ठेवले, वर दिवा लावला. मामाजी खुशीत होते. म्हणाले, "मांगा जवाईबापू, अजून काय पायजे? सायकल मांगा, कोट मांगा. या महिन्यात जवायाले कोनी नाही म्हनत नाही."

मी म्हणालो, "मामाजी, टालावरच्या भुऱ्या कुत्र्याची साखळी सोडा. त्याला रोज फिरवून आणा."

सगळे हसले. तूही पदर तोंडाला लावून हसलीस. मी तेच पुन्हा म्हणालो तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

मामाजी म्हणाले, "थे टालाचं कुलूप होय, बापू. कुलपाले कोनी फिराले नेते काय?"

इथे मी थांबायला हवे होते असे तू म्हणशील. मी म्हणालो की आता त्याला कायदा आहे. मामाजींच्या हातातला विडा तसाच राहिला. "माह्या घरात, माह्या पाटावर बसून, मले कायदा?" एवढेच ते बोलले. मी ताट न उचलता उठलो. तू उंबऱ्यात होतीस, मग आत गेलीस. मला वाटले पिशवी आणायला गेलीस. गाडीची वेळ झाली तरी तू बाहेर आली नाहीस.

कायदा मी मनाने काढलेला नाही. परवा प्रेसमध्ये जीवदया मंडळाचे एक पत्रक छापायला आले. ते जुळवायचे काम मालक केशवरावांनी माझ्याकडे दिले. मी सातवीपुढे गेलो नाही हे तुमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे, पण जे अक्षराचा एकेक खिळा उचलून जुळवले ते माझ्या डोक्यातून जात नाही. साठ सालचा कायदा आहे. जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवून आणले नाही, तर तोही गुन्हा. कुत्रा हा शब्द त्यात वेगळा घातला आहे. शनिवारी मी ते जुळवले आणि रविवारी तुमच्या निंबाखाली भुऱ्या पाहिला. त्याची साखळी इतकी आखूड की त्याला मान खाली टाकून निजता येत नाही. आपल्या लग्नात तो एका गिऱ्हाइकाला चावला, तेव्हापासून तो तिथेच आहे. लग्नाआधी तू त्याला हाताने भाकर घालायचीस, असे तूच मला सांगितले होतेस.

मी रागावलेलो नाही. कधी येतेस ते कळव. भात मला करता येतो.

चंद्रभान


अमरावती,
रविवार, २१ ऑगस्ट १९६६

सौ. दुर्गास,

तुझे कार्ड पोचले. "तुमाले बायको पायजे का कुत्रं, थे एकडाव ठरवा," असे तू लिहिले आहेस. कार्डावर लिहिलेस, म्हणजे टालावर वाचले गेले असणार आणि त्यावर हशाही झाला असणार. होऊ दे.

मला बायको पाहिजे. हे मी सूर्यभान वाचेल हे धरूनच लिहितो आहे. पण मला बायको पाहिजे म्हणून भुऱ्याची साखळी लांब होत नाही. या दोन गोष्टी मामाजींनी एकीत एक अडकवल्या, मी नाही.

मामाजींची माफी मागायला मी तयार आहे. जेवणाच्या पाटावर कायद्याचे नाव काढले, पाहुण्यांदेखत काढले, ही माझी चूक झाली. हे मी त्यांच्या पाया पडून सांगेन. कुत्रा बांधलेलाच ठीक आहे, हे मात्र सांगणार नाही. तेवढे सांगितल्याशिवाय तू येणार नाहीस असे तुझ्या कार्डावरून दिसते.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी. मागच्या रविवारी मी मूर्तिजापूरला आलो होतो. घरी आलो नाही. टालाच्या समोरच्या रस्त्यावरून भुऱ्याला पाहिले आणि पोलीस ठाण्यात गेलो. तिथे ओमप्रकाश नावाचे जमादार होते. मी त्यांच्यापुढे पत्रक ठेवले.

त्यांनी विचारले, "तक्रार कोनावर?"

"माझ्या सासऱ्यांवर. खुशालरावांवर."

त्यांनी पेन खाली ठेवले. "जवाई काय तुमी? बसा, बसा. हुंड्याची भानगड हाय?"

"नाही."

"मंग घड्याळ नाही देलं?"

मी त्यांना मनगट दाखवले. तेव्हा त्यांनी पत्रक वाचायला घेतले. दोनदा वाचले. म्हणाले, "कुत्रं बांधलं तं गुन्हा. सोडलं अन् थे कोनाले चावलं, तं त्याचाही बोभाटा आमच्याच इथी. मंग मालकानं काय त्याले खिशात घालून फिरावं?"

मी म्हणालो, "फिरवून आणावे, असे लिहिले आहे."

"माह्या बायकोले मी फिराले नेत नाही, जवाईबापू." मग जरा नरमले. त्यांनी सांगितले की या कलमात पोलिसांना आपणहून हात घालता येत नाही. अर्ज कोर्टात द्यावा लागतो, आणि पाहिल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो.

मला कोर्टाची भीती वाटते. तिथे कुठल्या दाराने आत जातात तेही मला माहीत नाही. पण मी मामाजींना आजच वेगळे पत्र घातले आहे. कळवल्याशिवाय काही करायचे नाही, म्हणून. त्यात नम्रपणे लिहिले आहे की गणपती बसायच्या आत साखळी लांब झाली आणि भुऱ्याला रोज एकदा फिरवले, तर मी काही करणार नाही. नाही तर अर्ज देईन.

खानावळीत जेवतो. भाताचे पातेले जळले, ते घासून होत नाही.

चंद्रभान


अमरावती,
सोमवार, ५ सप्टेंबर १९६६

सौ. दुर्गास,

मामाजी आणि सूर्यभान शनिवारी येऊन गेले. तुला त्यांनी सांगितलेच असेल, पण त्यांनी मजेची बाजू सांगितली असेल. उरलेली मी सांगतो.

मी एका लग्नपत्रिकेचे काम करत होतो. बाहेर भुंकणे ऐकू आले. केशवराव दारातून म्हणाले, "चंद्रभान, तुझं पार्सल आलं आहे. भुंकतंय." बाहेर गेलो तर मामाजी फेटा बांधून उभे होते. सूर्यभानच्या हातात साखळी, साखळीला भुऱ्या. शेजारचा शिंपी, पानवाला, सगळे जमले होते. मामाजींनी साखळी माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "घ्या जवाईबापू, तुमचं धोंड्याचं वाण. महिना सरला, पन माह्यावर बाकी नको."

मी म्हणालो, "मामाजी, मी कुत्रा मागितला नव्हता."

"कुत्र्याचं मांगितलं, कुत्रं देलं. वाण वापस करत नसतात. आता तुमी मालक. पाळा तुमचा कायदा."

लोक हसले. मी मामाजींच्या पाया पडलो आणि जेवणाच्या दिवशीची माफी मागितली, पत्रात लिहिली होती तशी. त्यांनी पाठीवर हात ठेवला. रागात होते तरी ठेवला. मग ते गेले. चहासुद्धा घेतला नाही.

मामाजी हुशार आहेत. मी प्रेसमध्ये दिवसभर उभा असतो. आपली खोली एक. घरमालकीण म्हणाली, "खोली नवराबायकोले देल्ली होती. बायको गेली अन् कुत्रं आलं!" आज सकाळी कामावर जाताना भुऱ्याला खिडकीच्या गजाला बांधून गेलो, त्याच साखळीने. दुसरे काही सुचले नाही. संध्याकाळी आलो तर तो मान वर करून बसला होता, निंबाखाली बसायचा तसाच. म्हणजे आज गुन्हेगार मी.

मामाजींना हेच दाखवायचे होते. मला ते दिसले आहे. पण त्यावरून कायदा चूक आहे असे मला दिसले नाही. मी चूक करत होतो, एवढेच दिसले.

अक्षर वाकडे आले आहे. उजव्या हाताला जरा लागले आहे. काळजीचे नाही.

चंद्रभान


अमरावती,
रविवार, २५ सप्टेंबर १९६६

सौ. दुर्गास,

तुझ्या अंतर्देशीयात दोनच ओळी होत्या. "हात डाक्टराले दाखवला काय? भुऱ्या चावला ना?" होय, चावला. पहिल्याच संध्याकाळी, साखळी काढताना. मी ते लिहिले नव्हते तरी तू ओळखलेस. दवाखान्यात गेलो होतो, सांगितलेली सुया-औषधे घेतली. भुऱ्या ठणठणीत आहे, त्यामुळे घाबरू नकोस. तू कार्ड न घालता अंतर्देशीय घातलेस, हेही माझ्या लक्षात आले.

तो का चावला हे मला कळले आहे. गळ्याखालची कातडी सोलून निघाली होती आणि माझा हात नेमका तिथे लागला. आता तिथे हळद आणि तेल लावतो. साखळी वापरत नाही. पट्टा कापडाचा केला आहे, दोर लांब सुताचा आहे.

सकाळी आम्ही वडाळी तलावाकडे जातो. त्याला सरळ चालता येत नाही. दोर सैल सोडला की तो डावीकडे वळत जातो. पहिल्या दिवशी आम्ही तलावाला निघालो आणि एका वकिलाच्या अंगणात पोचलो. वकीलसाहेब दात घासत होते. म्हणाले, "पक्षकार कोण? तुम्ही का हा?" आता मी त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणजे तो वळला तर माझ्या पायाला लागतो आणि सरळ होतो. काल बरेच अंतर नीट चालला. रस्त्यावरची पोरे मला 'कुत्रेवाला जवाई' म्हणतात. ही बातमी इथपर्यंत कोणी आणली कोण जाणे.

प्रेसमध्ये त्याला आणू का, असे केशवरावांना विचारले. ते म्हणाले, "प्रुफं वाचता येत असतील तर आण." मी रोज विचारत राहिलो. शेवटी कंटाळून त्यांनी मागच्या अंगणाचे दार उघडून दिले. तिथे कागदाचे गठ्ठे आहेत, सावली आहे, भिंत उंच आहे. भुऱ्या तिथे मोकळा असतो. उंदीर कमी झाले, त्यामुळे आता ते काही बोलत नाहीत. दुपारी मी त्याला बाहेर नेतो, तेवढे काम मागे पडते आणि तेवढी मजुरीही. ते मी धरून चाललो आहे.

तेव्हा कायदा पाळता येतो. एक खोली, दिवसभराची नोकरी, चावका कुत्रा असला तरी पाळता येतो. मामाजींना हे सांग किंवा नको सांगू, तुझ्यावर सोपवतो.

पोळ्याला मामाजींनी बैलांचे खांदे नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताने लोण्याने चोळले असतील. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. जनावराला काय दुखते हे त्यांच्या हातांना माझ्यापेक्षा जास्त कळते. म्हणूनच मी त्यांच्या बाबतीत आशा सोडलेली नाही.

भुऱ्या माझ्याकडे आल्यामुळे अर्ज द्यायचे कारण उरले नाही. आता तरी तू यावेस.

चंद्रभान


अमरावती,
रविवार, १६ ऑक्टोबर १९६६

सौ. दुर्गास,

तुझे पत्र काल आले आणि मी ते पुष्कळ वेळा वाचले. टालावर नवीन पिल्लू आणले आहे, असे तू लिहिले आहेस. निंबाखाली तीच जागा, तोच खुंटा. "बाबा म्हणतात, कुलूप गेलं तं नवीन आणा लागते. छोटी साखळी भेटली नाही म्हणून ओंडके वढायची साखळी घातली. जड आहे. पिल्लू उठत नाही, बसूनच राहते." एवढे लिहून तू सही केली आहेस. मी काय करावे ते लिहिले नाहीस.

दुर्गा, मागच्या पत्रात मी लिहिले की आता कारण उरले नाही. ते मी घाईने लिहिले. तू येशील या आशेने लिहिले. मला एक कुत्रा मिळाला आणि त्या जागेवर दुसरा बसला. असे वाण मामाजी मला दर धोंड्याला देत राहतील, आणि मी पट्टे शिवत राहीन.

मी अर्ज देणार आहे. रात्रभर विचार करून नाही, लगेच ठरवले. तो मूर्तिजापूरच्या कोर्टात द्यायचा. डावीकडे वळून ज्यांच्या अंगणात गेलो होतो, त्याच वकिलांना जाऊन विचारले. ते हसले नाहीत. म्हणाले, "अर्ज कोणीही देऊ शकतो. पण रोज डोळ्यांनी पाहिलेलं माणूस कोण आहे? तुम्ही अमरावतीत बसून पाहिलं नाही."

रोज पाहणारी तू आहेस. मला तुझ्याकडे हे मागायचे नाही. मामाजी तुझे वडील आहेत. मुलीने वडिलांविरुद्ध कोर्टात उभे राहायचे म्हणजे काय, हे मला कळते. तुला पुन्हा त्या उंबऱ्यातून आत जाता आले नाही, तर ती जागा मी भरून देऊ शकणार नाही. तेव्हा तू नाही म्हणालीस, तर मी तुला कधी बोल लावणार नाही. पुढच्या रविवारपासून मी दर रविवारी मूर्तिजापूरला येईन, रस्त्यावर उभा राहीन आणि स्वतः पाहीन. तेवढ्यावर अर्ज टिकला तर टिकला.

तू माझ्यावर अजून रागावलेली असशील आणि हे वाचून आणखी रागावशील. एकच विचारतो. "जड आहे" हे तू मला का कळवलेस, याचा तूच एकदा विचार कर.

चंद्रभान


अमरावती,
रविवार, ६ नोव्हेंबर १९६६

तीर्थस्वरूप मामाजींना चंद्रभानचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

दुर्गा गुरुवारी दुपारी इथे पोचली. ती खुशाल आहे. सासूबाईंना सांगावे की शिदोरीतली चटणी पिशवीत सांडली, पण लुगड्यांना डाग पडला नाही. घरातून निघताना ती तुमच्याशी बोलली नाही, याचे तिला वाईट वाटते. बोलले असते तर निघता आले नसते, असे ती म्हणते. सूर्यभानने तिला गाडीत बसवून दिले, त्याबद्दल त्याला रागावू नये. तिकीट तिने स्वतः काढले.

निघताना तिने पिल्लाची साखळी काढून त्याला सुताची दोरी बांधली होती. त्याच दुपारी तुम्ही पुन्हा साखळी घातली, हे सूर्यभानच्या कार्डावरून कळले. दुर्गा पिल्लू उचलूनच आणणार होती. न आणता आली, हे बरे झाले. पिल्लू तुमचे आहे. तुमची वस्तू तुम्हाला न विचारता उचलायची नाही.

काल आम्ही मूर्तिजापूरला येऊन कोर्टात अर्ज दिला आणि लगेच परतलो. तो माझ्या नावाने लिहून ठेवला होता. दुर्गाने तो वाचला आणि म्हणाली, "मी रोज पाह्यलं. तुमी काय पाह्यलं? माह्यं नाव टाका." मी तिला बाहेर नेऊन विचारले की बाबांचे काय. ती म्हणाली, "बाबाचंच तं करून राहिली. पिल्लू मेलं म्हंजे बाबा जेवनार नाहीत चार दिवस. भुऱ्याची माय मेली तवाचं मले माहीत आहे." मग अर्ज पुन्हा लिहिला. पहिले नाव तिचे आहे, साक्षीदार मी आहे. हे तुम्हाला समन्स येण्याच्या आधी आमच्याकडून कळावे, म्हणून लिहीत आहे.

तुम्हाला कमीपणा आणायचा आमचा हेतू नाही. लोक म्हणतील की जावयाने पोरीला फितवले. त्यांना म्हणू द्यावे, पण तुम्ही तसे समजू नये. ती माझ्यामुळे आली असती तर सप्टेंबरातच आली असती.

तारखेच्या आत पिल्लाची साखळी निघाली, त्याला हलका पट्टा आणि लांब दोर मिळाला, आणि सूर्यभान किंवा तुम्ही त्याला रोज टालाबाहेर फिरवू लागलात, तर आम्ही कोर्टात उभे राहून तसे सांगू आणि अर्ज काढून घ्यायची परवानगी मागू. पिल्लू मोठे होईपर्यंत राखणीची अडचण वाटत असेल, तर मी शनिवारी रात्री येऊन टालावर निजायला तयार आहे. हे मनापासून लिहितो आहे. यातले काही झाले नाही, तर दुर्गा जे पाहिले ते सांगेल, मी जे पाहिले ते सांगेन. त्यात एक शब्द जास्त किंवा कमी होणार नाही.

तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने आम्ही दोघे येतो. कोर्टात तुम्ही एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला उभे राहू, त्याला इलाज नाही. पण मूर्तिजापुरात दुर्गाला उतरायला तुमच्याशिवाय घर नाही. ती धर्मशाळेत उतरली तर लोक तुम्हालाच नावे ठेवतील. म्हणून आम्ही घरीच उतरू. सकाळी सगळे बरोबरच कोर्टात जाऊ.

भुऱ्याही आमच्याबरोबर येईल. त्याला बांधायची सोय करू नये.

आपला,
चंद्रभान